एस्कमच्या सॅक्सन चर्चची प्रतिकृती, १:५० : कामाच्या नोंदी

१४ मे २०२४

मुलाकडे डरहॅम काउंटीत सहा महिन्यांचा मुक्काम आहे. आयुष्यभर पुलांची आणि मोऱ्यांची रेखाचित्रे काढली, त्यामुळे रिकामा हात सहन होत नाही. म्हणून बिशप ऑकलंडजवळच्या एस्कम या खेड्यातल्या चर्चची १:५० प्रमाणातली प्रतिकृती करण्याचे काम अंगावर घेतले आहे. हे चर्च इ.स. ६७० ते ६७५ च्या सुमारास, म्हणजे अँग्लो-सॅक्सन (थोडक्यात सॅक्सन) लोकांच्या काळात, बांधलेले असून इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या आणि बऱ्याच अंशी मूळ रूपात राहिलेल्या चर्चपैकी ते एक आहे. पुढे कोणाला असेच काम करायचे असल्यास माझ्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात, एवढ्यासाठी या नोंदी ठेवतो आहे.

आज पहिली फेरी झाली. डरहॅमहून बिशप ऑकलंडपर्यंत बस (भाडे २ पौंड), तिथून पुढे पायी. चर्चभोवतीचे कबरस्तान गोल आकाराचे आहे आणि त्याला वेढून विसाव्या शतकातली साधी घरे उभी आहेत. मी गेलो तेव्हा किल्ली जवळच्याच एका घराबाहेर टांगलेली होती. ती घ्यायची, दार उघडायचे आणि काम झाले की जागेवर ठेवायची. मोजमापाची परवानगी आधी मागून घेतली होती. शिडी लावायची नाही आणि भिंतीवर खूण करायची नाही, या दोन अटी होत्या, आणि त्या योग्यच आहेत.

आराखडा अगदी साधा आहे. लोक बसतात ते लांबट दालन, ज्याला नेव्ह म्हणतात, आणि त्याच्या पूर्वेला वेदीचे छोटे चौरस दालन, म्हणजे चान्सेल. दोहोंच्या मध्ये एक उंच, अरुंद कमान. नेव्ह आतून १३.२५ मीटर लांब आणि ४.४ मीटर रुंद भरले, म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ नेमकी तिप्पट. चान्सेल आतून तीन मीटरांहून किंचित मोठे. भिंतींची जाडी सुमारे ७० सेंटिमीटर. एवढ्याला दोन तास लागले, कारण फीत धरायला दुसरा माणूस नव्हता. एकट्याने जाणाऱ्याने फितीचे टोक दाबून ठेवायला वाळूची पिशवी न्यावी. मी बूट ठेवला होता आणि तो दोनदा सरकला.

१९ मे

आराखडा कागदावर उतरवला. पाच मिलिमीटर जाडीचा फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांमध्ये फोम असलेला पुठ्ठा, आणला (१२ पौंड). ७० सेंटिमीटरची भिंत १:५० मध्ये १४ मिलिमीटर होते, म्हणून फोमबोर्डाचे दोन थर चिकटवायचे आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर हवेत सुकणाऱ्या मातीचा लेप द्यायचा, असा हिशेब बसवला. हिशेब बरोबर होता, मापे चुकली. ते पुढे येईल.

२३ मे

चारही भिंती कापून तात्पुरत्या उभ्या केल्या आणि चान्सेलच्या कमानीसाठी भोक पाडायला घेतले. कमानीची रुंदी जागेवर दीड मीटरहून थोडी जास्त भरली होती, म्हणजे प्रतिकृतीत ३१ मिलिमीटर. पण माझ्या चान्सेलची आतली रुंदीच ३३ मिलिमीटर येत होती. कमानीच्या दोन्ही अंगांना भिंत उरायलाच जागा नव्हती. प्रत्यक्षात तर कमानीच्या बाजूला चांगली भरभक्कम भिंत दिसते.

पाऊण तास कमानीचेच माप चुकले असावे असे समजून टिपणे चाळत बसलो. चूक तिकडे नव्हती. मी आतून घेतलेली मापे बाहेरची समजून कापली होती, त्यामुळे भिंतींची सगळी जाडी आतल्या जागेतून वजा झाली. नेव्हची ८८ मिलिमीटरची रुंदी ६० वर आली होती. तीस वर्षे ‘आतले माप’ आणि ‘बाहेरचे माप’ असे दोन रकाने आखून देणाऱ्या माणसाने ही चूक करावी, याची लाज वाटली आणि सुनेने विचारल्यावर कारणही सांगितले नाही. सगळा फोमबोर्ड बाद झाला. १२ पौंड आणि नऊ तास पाण्यात.

तेव्हा पहिली सूचना: जाड भिंतीच्या इमारतीत जाडी ही उरलेली बाब नसते. इथे दोन्ही भिंती मिळून नेव्हच्या आतल्या रुंदीच्या जवळजवळ एकतृतीयांश भरतात.

२९ मे

दुसरी फेरी, उंचीसाठी. पहिल्या भेटीत दोन मीटरची काठी भिंतीला टेकवून फोटो काढला होता आणि फोटोत ती काठी किती वेळा बसते ते मोजून उंची ५.१ मीटर धरली होती. हेही चुकीचे निघाले. भिंतीजवळ उभे राहून कॅमेरा वर कलवला की वरचा भाग फोटोत आखडतो, आणि काठी नेमकी तळाशी, म्हणजे सर्वांत मोठ्या दिसणाऱ्या भागात असते.

या वेळी फोनमधल्या कोनमापकाने काम केले. छपराचा खालचा काठ डोळ्यांपासून ४५ अंशांवर दिसेपर्यंत मागे सरकायचे, तिथून भिंतीपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्यात जमिनीपासून डोळ्यांची उंची मिळवायची. कबरी चुकवत मागे सरकताना फार सावध राहावे लागले. तीन ठिकाणांहून मोजल्यावर उत्तर सात मीटरच्या आसपास आले. म्हणजे नेव्हची भिंत आतल्या रुंदीच्या दीडपटीहूनही उंच आहे. आत शिरल्यावर ही वास्तू लहान असूनही मान वर का जाते, याचा उलगडा त्या आकड्याने झाला. ५.१ मीटर धरून केली असती तर प्रतिकृती गोठ्यासारखी दिसली असती.

७ जून

नव्या फोमबोर्डाच्या (पुन्हा १२ पौंड) भिंती नीट जमल्या. दक्षिणेच्या भिंतीवर बाहेरून मातीचा लेप दिला आणि रात्री खिडकीत सुकत ठेवली. सकाळी भिंत धनुष्यासारखी वाकलेली होती; मधोमध नऊ मिलिमीटरचा बाक. माती सुकताना आकसते आणि कागदाला ओढून घेते. ओली करून, वर जाडजूड पुस्तके ठेवून सरळ करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा लेप पोपडे धरून सुटला.

जमलेली पद्धत अशी. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना आधी पांढऱ्या गोंदाचा हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे कागद पाणी पीत नाही. मग एकाच बैठकीत दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचा लेप द्यावा. भिंत बेकिंगच्या कागदांमध्ये घालून, सपाट फळ्यांखाली, सावलीत तीन दिवस ठेवावी आणि कागद रोज बदलावा. खिडकीतले ऊन आणि हीटर दोन्ही वर्ज्य. असे केल्यावर बाक एका मिलिमीटरच्या आत राहिला.

१६ जून

दगडांचे सांधे कोरायला घेतले. पट्टी ठेवून सहा मिलिमीटरच्या सरळ ओळी मारल्या, त्यांना बारा मिलिमीटरवर उभ्या रेघा दिल्या, आणि पश्चिमेची भिंत एका संध्याकाळी उरकली. नातू शाळेतून आला, बघून म्हणाला, “आजोबा, हे लेगोसारखं दिसतंय.” त्याचे म्हणणे खरे होते. भिंत नीटनेटकी झाली होती आणि एस्कमची अजिबात वाटत नव्हती.

एस्कमच्या भिंतीत दगडांचे थर आहेत, पण ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. एखादा थर दहा-बारा दगडांपर्यंत सरळ जातो आणि मग एक उंच दगड आडवा येतो. तिथे दोन बारके थर मिळून त्याची उंची गाठतात. कोपऱ्यांवर प्रचंड दगड आहेत, एकाचे लांबट अंग या भिंतीत तर त्यावरच्याचा त्या भिंतीत. याचे कारण बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्यात आहे. विनोव्हिया नावाचा हा किल्ला सरळ रेषेत सुमारे अडीच किलोमीटरांवर होता आणि सातव्या शतकात तो ओस पडलेला होता. एस्कमच्या गवंड्यांनी तिथले घडीव दगड आणले. त्यांच्याही पाचसहाशे वर्षे आधी दुसऱ्याच इमारतींसाठी, दुसऱ्याच मापांनी घडवलेले हे दगड होते. हाताशी येईल तो दगड कुठे बसेल, हे पाहात भिंत उभी राहिली. मी पट्टीने रेघा मारत होतो, तिथेच माझे चुकत होते.

सगळी भिंत ओल्या स्पंजाने पुसून टाकली. आता फोटोवर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक दगड गिरवायचा आणि सुईने टोचून मातीवर उतरवायचा, असे ठरवले आहे. एका भिंतीला एका संध्याकाळीऐवजी सहा संध्याकाळी लागतील.

२६ जून

गिरवण्याचे काम चालू आहे. काही दगडांच्या तोंडावर आडव्यातिडव्या, चौकडीसारख्या टाकीच्या रेघा आहेत. ही रोमन पाथरवटांची खूण म्हणून ओळखली जाते. १:५० मध्ये त्या रेघांतले अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर येते. हौसेने वीस दगडांवर चौकडी कोरली, तर भिंतीला देवी आल्यासारखी दिसू लागली. सतरा बुजवल्या, तीन ठेवल्या. प्रमाण लहान असताना खरी असलेली गोष्टही गाळावी लागते, हे रेखाचित्रात माहीत होते. मातीत नव्याने शिकलो.

३ जुलै

उत्तरेच्या भिंतीत बाहेरून एक प्रसिद्ध दगड आहे. त्यावर रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनची, म्हणजे मोठ्या पलटणीची, खूण कोरलेली आहे: ‘लेग’ ही लॅटिन अक्षरे आणि पुढे सहाचा रोमन आकडा. हे लीजन हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. १२२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आले आणि पुढे यॉर्क हे त्याचे ठाणे झाले. एस्कमच्या भिंतीत तो दगड उलटा बसवलेला आहे, अक्षरे पाय वर करून.

प्रतिकृतीत त्या अक्षरांची उंची जेमतेम दोन मिलिमीटर. हात टेकायला सोयीचे पडावे म्हणून भिंत स्वतःकडे उलटी फिरवून घेतली होती, भिंग लावले होते, श्वास रोखून अक्षरे नीट उलटी कोरली. मग भिंत सरळ केली, तर अक्षरे सुलटी! भिंत फिरवलेली होती हे त्या पाऊण तासात साफ विसरलो. दुरुस्तीला दोन तास लागले, कारण ताज्या मातीचे ठिगळ सुकल्यावर वेगळ्या रंगाचे दिसते आणि आजूबाजूचे चार दगडही नव्याने करावे लागतात. सातव्या शतकातल्या गवंड्याने दगड उलटा का लावला असेल, यावर बरेच तर्क करता येतील. माझ्यापुरते सांगतो: भिंतीवर काम करताना माणसाचे लक्ष दगड बसतो की नाही इकडे असते, त्यावर काय लिहिले आहे इकडे नसते.

१० जुलै

तिसरी फेरी, फक्त कमानीसाठी. ही कमान रोमन इमारतीतून सुटी करून आणून इथे पुन्हा उभारली असावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिच्या बाजूंचे खांब मात्र सॅक्सन रचनेचे आहेत: एक लांब दगड उभा, त्यावर एक पसरट दगड आडवा, भिंतीत आरपार गेलेला, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. ही रचना इथे इतकी स्पष्ट आहे की इंग्रजीत तिला या खेड्याचेच नाव मिळाले. कमानीच्या पोटाला रंगकामाचे फिकट अवशेष आहेत. ते प्रतिकृतीत दाखवण्याचा मोह टाळला.

पहिली कमान मी अखंड मातीत कापली आणि वर सांधे कोरले. सुकताना ती नेमकी मधोमध तडकली. दुसऱ्या वेळी मोठ्या पेन्सिलडब्यातले लाकडी गोल कापून साचा केला, त्यावर मेणकागद लावला आणि पाचरीच्या आकाराचे दगड एकेक करून दोन्ही बाजूंनी वर चढवत नेले. मधला दगड शेवटी दाबून बसवला. साचा काढल्यावर गोंदाशिवाय कमान उभी राहिली. नातवाला बोलावून दाखवले. त्याने बोटाने हलके दाबून पाहिले आणि तिसरा प्रयत्न करावा लागला. त्याला रागावलो नाही. मीसुद्धा तेच केले असते.

२४ जुलै

आठवडाभर पाऊस. कोणत्या काळातले चर्च दाखवायचे, हा टाळलेला प्रश्न आज सोडवावा लागला, कारण खिडक्या कापायच्या आहेत.

मूळच्या लहान खिडक्या पाच उरल्या आहेत: दक्षिणेला दोन, त्यांचे माथे गोल; उत्तरेला दोन, त्यांचे माथे सपाट; आणि एक पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीत. बाकीच्या मोठ्या खिडक्या नंतरच्या, काही तेराव्या शतकातल्या अरुंद टोकदार, काही एकोणिसाव्या शतकातल्या. दक्षिणेचा पोर्चही नंतरचा. १८६३ मध्ये गावासाठी दुसरे चर्च बांधले गेले आणि हे जुने चर्च मोडकळीस आले. आर. जे. जॉन्सन या वास्तुकाराच्या देखरेखीखाली १८७५ ते १८८० या काळात त्याची दुरुस्ती झाली. ही इमारत सॅक्सन काळातली आहे हे ओळखण्याचे श्रेय रेव्हरंड हूपेल यांना दिले जाते, आणि तेही १८७९ मध्ये. ज्यांनी बिंचेस्टरचा किल्ला उकरून काढला तेच हे हूपेल, तेव्हा दोन्हीकडचे दगड त्यांच्या नजरेखालून गेलेले होते. १९६० च्या दशकात आणखी एकदा दुरुस्ती झाली. लेखी कागदात या गावाचा उल्लेख मिळतो तो दहाव्या शतकाच्या अखेरचा, बिशप आल्डहून यांनी जमिनी नॉर्थम्ब्रियाच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या, सरदारांकडे दिल्या त्या संदर्भात. इथून फार लांब नसलेल्या जॅरोच्या मठात बसून बीड या आठव्या शतकातल्या भिक्षूने इंग्रजांच्या चर्चचा इतिहास लिहिला, पण त्यात एस्कम नाही.

तेव्हा मूळचे छप्पर कसे होते हे सांगायला आधार नसताना शुद्ध सातव्या शतकातली प्रतिकृती करणे म्हणजे आपल्या मनचे बांधणे झाले असते. आज उभी आहे तशीच करायची, छप्पर सुटे ठेवायचे, आणि नंतरच्या प्रत्येक खिडकीला आतून बसणारी एक खुट्टी करायची. खुट्ट्या बसवल्या की उजेड फक्त जुन्या पाच खिडक्यांतून येईल.

४ ऑगस्ट

लहान खिडकी कापण्यात पुन्हा चुकलो. सरळ भोक पाडले, तर जाड भिंतीत ती नळीसारखी दिसली आणि तिच्यातून उजेड येईना. जुन्या खिडक्या बाहेरून अरुंद आणि आत उमलत गेलेल्या आहेत, आणि वरचा गोल माथा एकाच दगडात कोरलेला आहे. पातळ कानस आतून तिरकी चालवून चारही कडा उतरत्या केल्या.

संध्याकाळी पडदे ओढून, छप्पर चढवून, सगळ्या खुट्ट्या लावून फोनचा दिवा दक्षिणेकडून धरला. पश्चिमेच्या टोकाला एक छोटे भोक ठेवले आहे, तिथून डोळा लावून पाहिले. दोन खिडक्यांतून उजेडाचे दोन पट्टे उंचावरून खाली येत समोरच्या भिंतीवर पडले. तळ अंधारातच होता. दिवा हळूहळू सरकवला तसे पट्टे भिंतीवरून चान्सेलच्या कमानीकडे सरकू लागले. मग एकोणिसाव्या शतकाच्या खुट्ट्या काढल्या. क्षणात जमीनसुद्धा दिसू लागली आणि पट्टे विरून गेले. प्रार्थनेची पुस्तके वाचायची तर हा उजेड हवाच. पण तीन महिन्यांत या इमारतीबद्दल मला जे कळले त्यातले निम्मे त्या दहा मिनिटांत कळले. घरचे सगळे आळीपाळीने भोकाला डोळा लावून गेले.

१३ ऑगस्ट

दक्षिणेच्या भिंतीवर उंचावर जुने छायाघटिकेचे दगडी तबक आहे, ब्रिटनमध्ये मूळ जागी राहिलेल्या अशा घटिकांत सर्वांत जुन्यांपैकी एक. तीन रेघा आणि भोवती वळसा घातलेला साप. पोर्चवर दुसरी छायाघटिका आहे, ती बरीच नंतरची. फोटो पाहून काम करणाऱ्याने दोहोंत गल्लत करू नये. मातीत ती कोरण्याचे तीन प्रयत्न फसले. शेवटी शीतपेयाच्या कॅनचा पत्रा नखाएवढा कापला, मागून बोथट सुईने रेघा उठवल्या आणि सापासाठी शिवणाचा दोरा गोंदात बुडवून वळवला. रंग दिल्यावर दोरा ओळखू येत नाही.

२१ ऑगस्ट

चौथी आणि पाचवी फेरी रंगासाठी झाली. ढगाळ दिवशी दगड करडा दिसतो आणि उन्हात मधासारखा. मी ढगाळ दिवशीचा रंग मिसळून आणला होता, म्हणून पुन्हा जावे लागले. आता बुडाला मधाळ रंग आणि वरून करड्या रंगाचा कोरडा ब्रश. नेव्हच्या पश्चिम टोकाकडे जमिनीत बसवलेले गोटे मोहरीचे दाणे चिकटवून केले. आधी खसखस वापरली होती, ती रेतीसारखी दिसली.

तळाच्या प्लायवूडवर इमारतीच्या उत्तरेला आणि पश्चिमेला नुसत्या तुटक रेघा आखल्या आहेत. १९६० च्या दशकातल्या उत्खननात तिथे पाडून टाकलेल्या खोल्यांचे पाये सापडले. चान्सेलच्या उत्तर भिंतीत बुजवलेले दार आहे, ते त्यातल्याच एका खोलीत जात असे. ते दार मी सुरुवातीला गाळले होते, कारण ते कुठेच जात नाही असे वाटले होते. पाये आखल्यावर दार कापणे भाग पडले. सुकलेल्या भिंतीत उशिरा केलेले हे काम थोडे वाकडे झाले आहे आणि तसेच राहणार आहे.

१ सप्टेंबर

खर्च: फोमबोर्ड २४ पौंड (निम्मा वाया), माती १८, कटर आणि पाती ९, गोंद ५, रंग ११, प्लायवूड ८, बसच्या पाच फेऱ्या २०. एकूण ९५ पौंड, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. वेळ सुमारे १४० तास, त्यातले ४० तरी वर लिहिलेल्या चुकांत गेले. पात्यांत काटकसर करू नये. बोथट पात्याने फोमबोर्डाचा काठ फाटतो.

प्रतिकृती विमानातून नेणे शक्य नाही, ती इथेच नातवाच्या खोलीत राहील. खुट्ट्या एका पाकिटात घालून त्यावर ‘खिडक्या’ असे लिहिले आहे. मोजल्यावर एक कमी भरली, तेराव्या शतकातली. ती सुनेला धुलाईयंत्राच्या जाळीत सापडली आणि फुगलेली असल्यामुळे आता खिडकीत बसत नाही. उद्या नवी करायची आहे.